चक बेरीची मैफल कुठे विस्कटायची: 'हेल! हेल! रॉक अँड रोल'ची पेटी आणि इतर लाइव्ह रेकॉर्डिंग

अमेरिकी रॉक गायक-गिटारवादक चक बेरीवरचा टेलर हॅकफोर्डचा १९८७ चा माहितीपट 'हेल! हेल! रॉक अँड रोल' २००६ मध्ये डीव्हीडीवर दोन रूपांत आला, एक दोन डिस्कचं आणि एक चार डिस्कचं. गिटार, ड्रम किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याने यातलं निदान दोन डिस्कचं रूप मिळवावंच, आणि मुख्य चित्रपटाआधी त्यातली जलशाची तालीम बघावी. ती जवळपास तासाभराची आहे. चक बेरी मंचावर बेभरवशाचा होता, असं रॉक ऐकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. गाणं नेमकं कुठे आणि कशामुळे घसरतं, हे मात्र या तालमीत डोळ्यांनी दिसतं. संपूर्ण पेटीची किंमत त्या एका तासासाठी मोजली तरी वसूल आहे.

आधी त्याची कामाची पद्धत समजून घ्यायला हवी. बेरी वर्षानुवर्षं एकटा फिरला, हातात फक्त गिटारची पेटी. बँड आयोजकाने द्यायचा आणि त्या बँडला बेरीची गाणी येत असली पाहिजेत, अशी अट. अँप्लिफायर फेंडर ड्युअल शोमन, तेही दोन, हेही ठरलेलं. पैसे रोख आणि मंचावर चढण्याआधी. तालीम नाही, गाण्यांची यादी नाही. ठरलेली वेळ संपली की गिटार बंद. १९७३ मध्ये मेरिलँडला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडने त्याला साथ केली, तो प्रसंग स्प्रिंगस्टीननेच या चित्रपटात सांगितला आहे. बेरी कार्यक्रमाला पाचेक मिनिटं उरली असताना आला. कोणती गाणी वाजवायची, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, चक बेरीची. बस्स, तेवढीच तयारी.

ग्वाल्हेरच्या वाचकाला परक्या साथीदाराचं नवल वाटायचं कारण नाही. तानसेन समारोह असो की लष्कर भागातली घरगुती बैठक, बाहेरगावचा गायक आणि इथला तबलजी अनेकदा मंचावर बसतानाच एकमेकांना भेटतात, आणि तरी मैफल रंगते. पण तिथे पट्टी सांगितली जाते, तबला त्या पट्टीत लावला जातो, ताल आणि लय एका वाक्यात ठरते. बेरी नेमक्या याच तीन गोष्टी सांगत नसे. म्हणून दोष परक्या साथीला देऊन भागत नाही. पट्टी, ताल आणि लय न सांगताच सुरुवात व्हायची, घसरण तिथूनच.

आता प्रत्यक्ष गाण्यात काय होतं ते बघू. हार्मोनियम काढून बसलात तर जास्त लवकर पटेल. 'जॉनी बी. गुड' १९५८ च्या मूळ रेकॉर्डवर काळी पाचमध्ये आहे. आवर्तन बारा बारचं, म्हणजे ४८ मात्रांचं. पहिल्या १६ मात्रा काळी पाचचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), म्हणजे गाण्याचं घर, मग ८ मात्रा मध्यमावर म्हणजे काळी दोन, ८ मात्रा परत घरी, ८ मात्रा पंचमावर म्हणजे पांढरी चार, आणि शेवटच्या ८ मात्रा पुन्हा घरी. पंचमाच्या त्या ८ मात्रांतच पहिली फसगत होते. ब्लूजची सवय असलेला बासवाला तिथे ४ मात्रा पंचम आणि ४ मात्रा मध्यम वाजवतो, कारण ब्लूजमध्ये ते सर्रास चालतं. या गाण्यात मूळ रेकॉर्ड आठही मात्रा पंचमावर थांबतं. बासवाला एक वाजवतो, पियानोवाला दुसरं, आणि चार मात्रांपुरता चिखल होतो. ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही.

दुसरी अडचण पट्टीची. गिटारवर काळी पाच आणि काळी दोन या अवघड पट्ट्या, कारण मोकळ्या तारा फारशा कामी येत नाहीत. शिकणारी मुलं म्हणूनच हे गाणं सोयीसाठी पांढरी सहामध्ये बसवतात. बेरीच्या कितीतरी गाण्यांच्या पट्ट्या पियानो आणि सॅक्सोफोनला सोयीच्या आहेत. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने या चित्रपटात याच मुद्द्यावर बोट ठेवलं आहे: या गाण्यांच्या घडणीत बेरीचा जुना पियानोवादक जॉनी जॉन्सनचा हात आहे, पट्ट्याच ते सांगतात. म्हणजे भाड्याचा बँड पांढरी सहामध्ये तयारी करून येतो, बेरी न सांगता अर्धा स्वर वर सुरू करतो, आणि पहिलं आवर्तन चाचपडण्यात जातं. कधी तो गाणं चालू असतानाच पट्टी बदलायचा. १९९५ मध्ये क्लीव्हलँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या जलशात साथीला पुन्हा स्प्रिंगस्टीनचा बँड होता. ही गाणी त्या सगळ्यांच्या रक्तात होती. तिथेही त्याने पट्टी सरकवली आणि सगळ्यांची त्रेधा उडाली.

तिसरी गोष्ट सुरांची. बेरीची खास ओळख म्हणजे दोन तारा एकदम छेडणं. एकेरी स्वर वाजवणाऱ्याची तार थोडी उतरलेली असली तरी निभावून जातं. दोन तारा एकत्र वाजल्या की तो फरक लहरी मारत कानात शिरतो, वरच्या सुरांत तर जास्तच. न जुळवलेली गिटार घेऊन थेट मंचावर जायची सवय या शैलीला सगळ्यात महागात पडते. आणि त्यात पियानो शेजारी असेल तर काही इलाजच नाही, कारण पियानो कुणासाठी सूर बदलत नाही.

सुरुवातीचा गिटारचा तुकडा समेवर पडत नाही, तो समेच्या आधीच उचलला जातो. ड्रमवाल्याने पहिला स्वर हीच सम धरली की पुढचं सगळं आवर्तन तिरकं जातं. उपाय एकच: तुकडा सुरू झाल्यावर हात आवरून ऐकायचं, आणि सम सापडली की मगच ठेका धरायचा. १९५० च्या दशकातल्या रेकॉर्डवर आणखी एक गंमत आहे. बेरीचा उजवा हात मात्रेचे सरळ दोन समान भाग पाडतो, तर फ्रेड बिलोचे ड्रम झुलत्या लयीत आहेत. या दोहोंच्या घर्षणातून ती चाल येते. नुसता सरळ आणि जोरकस ठेका धरला की गाणं वेगात जातं, पण त्यातलं पाणी निघून जातं.

आता तालमीकडे. कार्यक्रम होता बेरीच्या साठीचा, १६ ऑक्टोबर १९८६, सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये, एका दिवसात दोन खेळ. संगीताची जबाबदारी रिचर्ड्सकडे. त्याने ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन, बासवर जोई स्पॅम्पिनॅटो, ऑर्गनवर चक लेव्हेल, सॅक्सोफोनवर बॉबी कीज आणि गिटारवर रॉबर्ट क्रे अशी माणसं गोळा केली, आणि मुख्य म्हणजे जॉनी जॉन्सनला परत आणलं. तालीम वेंट्झव्हिलला बेरीच्या स्वतःच्या जागेत, बेरी पार्कमध्ये झाली. 'कॅरल'ची सुरुवात बसवताना बेरी रिचर्ड्सला थांबवतो. पुन्हा. पुन्हा थांबवतो. मुद्दा एका तारेच्या ओढीचा आहे: ती किती खेचायची आणि कुठून सुरू करायची. रिचर्ड्सचा जबडा आवळलेला दिसतो, तो शब्द गिळतो आणि परत पहिल्यापासून वाजवतो. इथे माझं मत ठाम आहे. बेरीचं वागणं कठोर आहे, पण कान बरोबर आहे. तो सांगतो तशी ओढ घेतली की तुकडा खरंच उभा राहतो. वर्षानुवर्षं तालमीशिवाय उभा राहिलेला हा माणूस एका मींडेसाठी इतका अडून बसू शकतो, हे पाहिल्यावर त्याला कळत नव्हतं किंवा पर्वा नव्हती हा समज टिकत नाही.

अँप्लिफायरवरून होणारा वादही नीट बघण्यासारखा आहे. एकीकडे ध्वनिमुद्रणाला काय हवं हा प्रश्न, दुसरीकडे बेरीचं म्हणणं की हा माझा आवाज आहे आणि मला असाच हवा. ध्वनीचं काम करणाऱ्यांना हा पेच रोजचा असतो. वादकाला मंचावर हवा असलेला आवाज आणि मायक्रोफोनमध्ये गोड उतरणारा आवाज क्वचितच एक असतात.

मुख्य जलशात गिटारवादक एरिक क्लॅप्टनबरोबरचं 'वी वी अवर्स' सगळ्यात वर. हे १९५५ च्या 'मेबलीन' या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं, संथ ब्लूज. लय संथ असल्याने सगळ्यांना एकमेकांचं ऐकायला अवधी मिळतो आणि जॉन्सनचा पियानो पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. गायिका एटा जेम्सही जोरात. 'बॅक इन द यू.एस.ए.'मध्ये लिंडा रॉनस्टॅटचा आवाज लखलखीत आहे. मंचावर बेरी रिचर्ड्सच्या कानाशी येऊन मध्येच पट्टी बदलायला सांगतो आणि रिचर्ड्स मान हलवून नकार देतो, एवढ्या एका नकारावर ती संध्याकाळ तरली. साथीदारांपैकी कोणीतरी ठामपणे घर धरून ठेवणारा असला की बेरीच्या लहरी गाण्याला मारत नाहीत, उलट रंग भरतात.

एक गोष्ट विकत घेणाऱ्याला माहीत असावी. कार्यक्रमाच्या आधी दुसरीकडे गाऊन आल्यामुळे बेरीचा गळा बसलेला होता, म्हणून गायन नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित करून जोडलं गेलं. वाद्यं त्या रात्रीची, आवाज नंतरचा. ओठ बारकाईने पाहिले तर काही ठिकाणी लक्षात येतं. दोन डिस्कच्या रूपातही असलेला 'द रिलक्टंट मूव्ही स्टार' हा भाग चित्रीकरणाच्या दिवसांतल्या पैशांच्या ओढाताणीबद्दल आहे. तो बघावा, पण बेरीची बाजूही लक्षात ठेवून. 'मेबलीन'च्या गीतकारांत रेडिओ डीजे अ‍ॅलन फ्रीडचं नाव घुसवलं गेलं आणि त्या गाण्याच्या कमाईचा वाटा वर्षानुवर्षं बाहेर गेला. पहिल्याच यशात असं झाल्यावर माणूस आधी रोख आणि मग गिटार म्हणतो, याचं आश्चर्य वाटत नाही. त्याच रोखीने पुढे करचुकवेगिरीचं प्रकरण उभं राहिलं आणि १९७९ मध्ये चार महिन्यांची शिक्षाही झाली. तुरुंगवासाचा विषय चित्रपट नीट उघडत नाही, बेरी तो दरवाजा लावून घेतो. ती या चित्रपटाची खरी उणीव आहे.

आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ३१ डिसेंबर १९५२ च्या रात्री जॉन्सनचा सॅक्सोफोनवादक येऊ शकला नाही, म्हणून ऐनवेळी बेरीला बोलावलं गेलं. जॉन्सनबरोबर या माणसाची सुरुवातच बदली वादक म्हणून झाली होती. ऐनवेळी उभं राहून निभावून न्यायचं असतं, हे त्याने गृहीतच धरलं असावं.

तिसऱ्या आणि चौथ्या डिस्कवर जुन्या पिढीच्या कलावंतांच्या लांब मुलाखती आहेत. अभ्यासकाला ठेवा, बाकीच्यांनी दोन डिस्कवर थांबलं तरी चालेल. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डीव्हीडी सहसा रिजन १ च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रिजन ५ चे. मागवण्याआधी प्लेअर सर्व रिजन चालवणारा आहे ना, ते बघून घ्या. फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसा होतो आणि वर सांगितलेली पंचम-मध्यमाची गडबड ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन हवाच.

नुसतं ऐकायचं असेल तर तीन रेकॉर्डिंग घ्या. १९६७ चं 'लाइव्ह अ‍ॅट फिलमोर ऑडिटोरियम', साथीला स्टीव्ह मिलरचा बँड. बहुतेक ब्लूज, बँड तरुण पण कान उघडे ठेवून वाजवणारा, आणि बेरी घाईत नाही. दुसरं १९७२ चं 'द लंडन चक बेरी सेशन्स'. त्याची दुसरी बाजू कॉव्हेंट्रीत प्रेक्षकांसमोर मुद्रित झाली. 'माय डिंग-अ-लिंग' हे द्वयर्थी गाणं अनेकांना आवडत नाही, आणि अमेरिकेत बेरीचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं तेवढंच गाणं हे असावं याची हळहळही वाटते. पण गर्दीला बायका आणि पुरुष अशा दोन फळ्यांत वाटून गायला लावणं, ओळ कुठे सोडायची आणि कुठे उचलायची, हे त्यात ऐकून शिकण्यासारखं आहे. तिसरं 'लाइव्ह फ्रॉम ब्लूबेरी हिल', २०२१ मध्ये निघालेलं, २००५-०६ च्या मुद्रणांचं. सेंट लुईसच्या त्या छोट्या जागेत १९९६ ते २०१४ या काळात त्याने २०९ कार्यक्रम केले, कायमच्या साथीदारांबरोबर. गिटारवर मुलगा, हार्मोनिकावर मुलगी, बासवर जुना सोबती जिम मार्साला. वय ऐंशीच्या घरात, बोटं जड झालेली, तरी गाणं सुटत नाही, कारण तो कुठे वळणार हे साथीला माहीत आहे. याच माणसाने परक्या बँडबरोबर काय केलं हे माहीत असलेल्याने हे रेकॉर्ड जरूर ऐकावं.

टाळायचं ते असं. १९६३ चं 'चक बेरी ऑन स्टेज' हे लाइव्ह नाहीच, स्टुडिओतल्या गाण्यांवर नंतर टाळ्या आणि आरडाओरडा चढवला आहे. टोरोंटोचा १९६९ चा कार्यक्रम निरनिराळ्या मुखपृष्ठांखाली अनेकदा विकला गेला आहे, तेव्हा यादी ताडून घ्या, नाहीतर तोच कार्यक्रम दुसऱ्यांदा घरात येईल. आणि मूळ गाणी हवी असतील तर १९६७ चं मर्क्युरी कंपनीचं 'गोल्डन हिट्स' नको, ती पुन्हा मुद्रित केलेली आहेत. वेष्टनाच्या मागे चेस कंपनीचं नाव आणि १९५५ ते १९६४ मधली वर्षं छापलेली असतील तरच घ्या.