वेबसाइटचा पत्ता बदललाय: आधी कर्ली, विकिडेटा की ओपनस्ट्रीटमॅप?

आमच्या वाचनालयाची वेबसाइट फुकटच्या सबडोमेनवरून, म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्याखाली मिळालेल्या पत्त्यावरून, स्वतःच्या डोमेनवर हलवायला एक दुपार पुरली. जुना पत्ता जिथे जिथे नोंदलेला होता तिथला बदलायचा, हे काम मात्र बरंच लांबलं. यातल्या तीन नोंदी स्वयंसेवकांच्या हातातल्या: कर्ली ही वेब डिरेक्टरी (विभागवार लावलेली वेबसाइटांची यादी), विकिडेटा (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा) आणि ओपनस्ट्रीटमॅप (सगळ्यांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा). तिन्हीकडे पैसे लागत नाहीत. फरक एवढाच की कर्लीत अर्ज करायचा असतो, आणि बाकी दोन्हीकडे बदल तुम्हीच करायचा असतो. कुठून सुरुवात करायची हे याच फरकावर ठरतं.

कर्ली हे नाव नवं वाटेल, पण घराणं जुनं आहे. 1998 साली सुरू झालेली, पुढे नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने घेतलेली डीमॉझ डिरेक्टरी म्हणजे हिची पूर्वज. एके काळी गूगलची स्वतःची डिरेक्टरीसुद्धा डीमॉझच्याच माहितीवर उभी होती, त्यामुळे तिथे नाव लागणं म्हणजे मोठीच गोष्ट. मार्च 2017 मध्ये डीमॉझ बंद झाली आणि तिच्या जुन्या संपादकांनी कर्लीच्या रूपाने काम चालू ठेवलं. तेव्हा डीमॉझचा फॉर्म शोधण्यात वेळ घालवू नका. डीमॉझच्या यादीच्या नकला जालावर अजून सापडतात. त्यांच्याही मागे लागू नका, तिथे ऐकायला कोणी बसलेलं नाही.

कर्लीत पत्ता बदलायचा तर तुमची साइट ज्या विभागात आहे नेमक्या त्याच विभागाच्या पानावर जाऊन नोंद बदलण्याचा फॉर्म उघडायचा. वाचनालय गावाच्या विभागात असेल तर गावाच्याच पानावर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नवा पत्ता ‘नवीन साइट’ म्हणून पाठवणं. मग एकाच संस्थेच्या दोन नोंदी समोर येतात आणि कुठली खरी हे संपादकाला शोधत बसावं लागतं. त्याचं काम सोपं करा. जुनी साइट अजून उघडत असेल तर तिच्यावर ‘आम्ही इथे हललो आहोत’ अशी ठळक ओळ टाका, म्हणजे खात्री करायला त्याला एक क्लिक पुरेल. नवी साइट अर्धवट असेल, ‘लवकरच येत आहे’ असं म्हणत असेल, तर अर्ज पाठवूच नका. वर्णनात ‘जिल्ह्यातील अग्रगण्य’ वगैरे लिहून उपयोग नाही, तेवढं छाटलं जाणार. आणि एकदा पाठवलं की गप्प बसायचं. संपादक आपला वेळ काढून हे करतो, त्याला मुदत नसते, आणि तोच अर्ज चार वेळा पाठवला तर त्याचा ढीगच वाढतो.

विकिडेटात वाट पाहावी लागत नाही. संस्थेची नोंद आधीपासून असेल तर ‘अधिकृत संकेतस्थळ’ या गुणधर्मात नवा पत्ता भरायचा. पण जुना पुसायचा नाही! मला हे उशिरा कळलं. जुना पत्ता त्या काळी खराच होता, म्हणून त्याला समाप्तीची तारीख जोडायची, नव्याला सुरुवातीची, आणि नव्याला पसंतीचा दर्जा द्यायचा. काही विकिपीडियांवरचे साचे, म्हणजे लेखातल्या माहितीच्या तयार चौकटी, पत्ता इथूनच उचलतात, त्यामुळे एका बदलात अनेक ठिकाणचं काम होऊन जातं. स्वतःच्याच संस्थेची नोंद बदलत असाल तर सदस्यपानावर तसं सांगून टाका, कोणी आडून बोलणार नाही. मात्र नोंदच नसेल तर केवळ जाहिरातीसाठी नवी करू नका. ती काढून टाकली जाऊ शकते.

ओपनस्ट्रीटमॅप सगळ्यात सोपा. खातं काढा, नकाशावर आपली इमारत शोधा, वेबसाइटचा रकाना बदला, जतन करा. एकच खबरदारी: हाच पत्ता दोन वेगवेगळ्या टॅगखाली, म्हणजे रकान्यांच्या नावांखाली, लिहिण्याची पद्धत आहे. दोन्ही तपासा, नाहीतर एकात नवा आणि दुसऱ्यात जुना असं राहून जातं. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही याच नकाशावर चालणारी ॲप वापरणाऱ्यांना हा बदल त्यांचा उतरवलेला नकाशा ताजा झाल्यावर दिसतो. गूगल मॅप्सचा याच्याशी संबंध नाही, तिथली नोंद वेगळी बदलावी लागते.

मग आधी काय? वास्तू असलेली संस्था, म्हणजे वाचनालय, शाळा, नाट्यगृह असेल तर ओपनस्ट्रीटमॅप आणि विकिडेटा एकाच संध्याकाळी उरकून घ्या. फक्त जालावरच असलेला दिवाळी अंक किंवा ब्लॉग असेल तर नकाशाचा प्रश्नच येत नाही. विकिडेटात नोंद असली तर ती बदला, नसली तर कर्लीत अर्ज करा. कर्लीतली नोंद माणसाने पाहून, विभागात बसवून केलेली असते, म्हणून मला तिचं अप्रूप आहे. पण आज वाचक त्या वाटेने फारसे येत नाहीत, हेही खरं.

या सगळ्याच्या आधी जुन्या डोमेनकडे बघा. ते तुमच्या मालकीचं असेल तर कायमस्वरूपी रीडायरेक्ट (तांत्रिक भाषेत 301), म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय, लावा आणि निदान वर्षभर तरी ते चालू ठेवा. डोमेनचं नूतनीकरण करत राहा. सोडून दिलेलं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो. मग कर्लीतल्या तुमच्या नावावर क्लिक करणारा वाचक एखाद्या जुगाराच्या साइटवर पोचायचा. मुदत संपत आली असेल तर कर्लीच्या भरवशावर राहू नका, आणखी एका वर्षाचे पैसे भरा. फुकटच्या सबडोमेनवर रीडायरेक्टची सोय बहुधा नसते. आमच्याकडेही नव्हती, म्हणून तर या नोंदींच्या मागे एवढं लागावं लागलं.

तिन्ही ठिकाणी पत्ता मात्र एकसारखाच लिहा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ घ्यायचं की नाही ते एकदा ठरवा, एका फाइलमध्ये टिपून ठेवा आणि तिथूनच चिकटवा.

चौथी नोंद आम्ही विसरलोच होतो: वर्गणीच्या पावतीपुस्तकावर छापलेला जुना पत्ता. अजून दोन पुस्तकं शिल्लक आहेत. सध्या प्रत्येक पावतीवर तो खोडून नव्या पत्त्याचा रबरी शिक्का मारतोय.