लॉगबुकात नऊ डाइव्ह, समुद्रात तीनच

तांबड्या समुद्रातल्या त्या बोटीवर गाइडनं माझं कार्ड, म्हणजे डायव्हिंग शिकल्याचं प्रमाणपत्र, दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मग फोनवर माझं नाव आणि जन्मतारीख टाकली. काही सापडलं नाही. कार्डावरचा क्रमांक टाकला, त्याचीही नोंद नव्हती. "हे कार्ड तुम्हाला कुणी दिलं?" बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं अगदी हळू विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही थिसलगॉर्मवर जाणार होतो. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज. त्याच्या पोटात अजून मोटरसायकली, ट्रक आणि सैनिकांचे बूट पडून आहेत. डायव्हिंगचं वेड मला लागलं तेच या जहाजाचे फोटो बघून. जहाज टेकलंय तो तळ सुमारे ३० मीटरवर आहे आणि तिथं प्रवाहही जोरदार असतो, त्यामुळे ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या पुढचं ॲडव्हान्स्ड कार्ड लागतं हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी दोन्ही कार्डं घेऊन आले होते. दोन्ही खोटी निघाली.

ती कशी मिळाली ते सविस्तर लिहिते, कारण फसवणूक त्या तपशिलातच होती आणि तेव्हा त्यातलं एकही मला खटकलं नाही.

एका पर्यटनाच्या ठिकाणी हा माणूस भेटला. ही कार्डं देणाऱ्या नामांकित संस्थेचं चिन्ह असलेला टी-शर्ट, भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, बोलणं गोड. "तीन दिवसांत दोन्ही कार्डं," तो म्हणाला. मी हिशेबच केला नाही. ओपन वॉटरच्या कोर्समध्ये समुद्रात किमान चार डाइव्ह असतात, ॲडव्हान्स्डमध्ये आणखी पाच. त्याआधी पोहण्याच्या तलावात किंवा उथळ, शांत पाण्यात पाच सत्रं, शिवाय थिअरी आणि परीक्षा. हे सगळं तीन दिवसांत बसत नाही. कोर्सच्या माहितीपत्रकात हे आकडे दिलेले असतात. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त मोटरसायकली होत्या.

पहिल्याच दिवशी त्यानं वैद्यकीय प्रश्नावली पुढे केली. मला दमा आहे, अधूनमधून इनहेलर लागतो. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "सगळीकडे 'नाही' लिहा. 'हो' लिहिलंत तर डॉक्टरचं पत्र लागेल, तुमचेच दिवस वाया जातील." आणि मी 'नाही' लिहिलं. या एका गोष्टीचा राग मला त्याच्याइतकाच स्वतःचाही येतो. पाण्याखाली दर १० मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येताना दुप्पट होते. श्वासनलिका आकसली असेल तर ती हवा आत अडकून फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. ती प्रश्नावली कागदी सोपस्कार नाही. ज्याला ती नीट भरलेली नको असते, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका.

२०० मीटर पोहण्याची आणि दहा मिनिटं तरंगण्याची चाचणी झालीच नाही. "तुम्हाला पोहता येतं ना? मग झालं." उथळ पाण्यात तासभर घालवला. मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन नाकानं फुंकून बाहेर काढायला सांगितलं, एकदाच. मास्क पूर्ण काढून पुन्हा घालणं, रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं उपकरण, सुटला तर शोधून परत घेणं, जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरवरून श्वास घेत वर येणं, यातलं काहीही केलं नाही. थिअरीच्या परीक्षेत तो उत्तरं सांगत गेला आणि आम्ही खुणा करत गेलो.

मग समुद्रात तीन डाइव्ह. तिन्ही वेळा त्यानं मागून माझ्या सिलिंडरची मान धरून ठेवली होती. बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटात, हवा भरायची, सोडायची ती बटणंही तोच दाबत होता. मला वाटलं, किती काळजी घेतो! आज कळतं की तो कोर्स नव्हताच. पर्यटकांना एकदा समुद्राखालचं जग दाखवून आणतात, ती ही ओळखीची डाइव्ह. तीही चांगली गोष्ट आहे, हजारो लोक आनंदानं करतात. पण ती प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन करायची असते, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, आणि तिनं कुणी डायव्हर होत नाही. त्यानं मला तीच तीनदा विकली, कोर्सच्या पैशांत.

शेवटच्या दिवशी लॉगबुक, म्हणजे केलेल्या डाइव्हची नोंदवही, हातात आलं. त्यात नऊ डाइव्ह, त्याच्या अक्षरात, सहीशिक्क्यासह. एकीची खोली २८ मीटर. मी म्हटलं, आपण इतकं खाली कुठं गेलो? तो म्हणाला, "हवामानामुळे राहिलं, पण तुमची तयारी झालीय, सगळेच असं लिहितात." पैसे रोख घेतले, पावती दिली नाही. लॅमिनेट केलेली दोन कार्डं दिली आणि डिजिटल कार्ड मेलवर येईल असं सांगितलं. ते कधीच आलं नाही. दोन-तीन फोन झाले, मग त्यानं उचलणं बंद केलं. कार्ड हातात आहे ना, म्हणून मीही सोडून दिलं.

आता परत तांबड्या समुद्रावर. गाइड म्हणाला, थिसलगॉर्म विसरा, पण पाण्यात तुम्हाला काय येतं ते उथळात बघू. सहा मीटरवर वाळूत गुडघे टेकून बसलो. त्यानं खूण केली, मास्कमध्ये पाणी घ्या. मी घेतलं, नाकात गेलं, ठसका लागला आणि पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. श्वास कोंडून मी वर झेपावले. म्हणजे जी एक गोष्ट कधीही करायची नाही, तीच केली. त्यानं माझ्या बीसीडीचा पट्टा पकडला, त्यातली हवा सोडली, डोळ्यांसमोर बोटं धरून श्वास सोडायची खूण करत राहिला. बुडबुडे निघाले तेव्हा मला सोडलं. हेच दुसऱ्या दिवशी जहाजाजवळ, २५ मीटरवर झालं असतं तर?

थिसलगॉर्मला बाकीचे गेले. मी हॉटेलवर राहिले.

परत आल्यावर त्या संस्थेला कार्डांचे आणि लॉगबुकाचे फोटो पाठवले. उत्तर नीट आलं: हा माणूस एके काळी प्रशिक्षक होता, पण नूतनीकरण न केल्यानं त्याला शिकवण्याचा अधिकार उरलेला नाही, आणि माझ्या नावावर कुठलाही कोर्स नोंदलेला नाही. भिंतीवरचं प्रमाणपत्र बहुधा खरंच असावं, फक्त जुनं. पैसे परत मिळवायला माझ्याकडे पावतीही नव्हती.

म्हणून कळकळीनं सांगते, पैसे देण्याआधी प्रशिक्षकाचा क्रमांक मागा. बहुतेक मोठ्या संस्थांकडे तो तपासता येतो: माणूस प्रशिक्षक आहे का, आणि आज शिकवायला पात्र आहे का. दुसरा भाग महत्त्वाचा, मी तिथंच फसले. क्रमांक एकाचा आणि पाण्यात शिकवणारा दुसराच, असं होत नाही ना तेही बघा. क्रमांक विचारल्यावर खरा प्रशिक्षक रागावत नाही, उलट आवर्जून देतो. लॉगबुक स्वतःच्या हातानं भरा, डाइव्ह कॉम्प्युटरवरची खोली आणि वेळ बघून. कोर्स संपल्यावर आठवडाभरात तुमचं नाव संस्थेच्या नोंदीत दिसलं नाही तर थेट संस्थेला विचारा. माझ्यासारखं कार्डावर समाधान मानू नका.

मी पुन्हा पहिल्यापासून शिकले. आधी डॉक्टरकडे जाऊन फुप्फुसांची तपासणी केली, दमा आटोक्यात असल्याचं पत्र घेतलं. नव्या प्रशिक्षिकेनं मला मास्कचा एकच सराव इतक्या वेळा करायला लावला की शेवटी मी मास्क काढून डोळे मिटून शांत बसू लागले. पहिली मोठी डाइव्ह बालीच्या तुलांबेनला केली, लिबर्टीवर. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं निकामी झालेलं हे जहाज किनाऱ्याला आणून लावलं होतं, १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानं ते समुद्रात सरकलं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि जहाज समोर. वरचा भाग इतका उथळ की नवख्यालाही घाई होत नाही. प्रवाळानं झाकलेल्या त्या लोखंडाजवळ मी स्वतःची उंची स्वतःच्या श्वासानं सांभाळत होते, आणि माझ्या सिलिंडरला कुणाचा हात नव्हता. थिसलगॉर्म अजून राहिलंय. ॲडव्हान्स्डच्या पाचपैकी तीन डाइव्ह झाल्यात.

त्या माणसाची दुकानदारी अजून चालू आहे, फक्त पाटी बदललीय. संस्थेला नव्या नावासह पुन्हा कळवलंय. तुम्हीही कुठं तीन दिवसांत दोन्ही कार्डं घेतली असतील, कार्ड लॅमिनेट केलेलं असेल, मेल कधी आली नसेल आणि लॉगबुकातलं अक्षर तुमचं नसेल, तर पुढच्या डाइव्हच्या आधी आपलं नाव नोंदीत शोधा. सापडलं नाही तर त्या डाइव्हला जाऊ नका.