शेतातले सुरुंग: मेटल डिटेक्टर की उंदीर?

कंबोडियातल्या शेतजमिनीत युद्धकाळातले सुरुंग अजूनही आहेत. मेटल डिटेक्टर धातूच्या प्रत्येक तुकड्यावर वाजतो. गंजका खिळा असो वा गोळीची पुंगळी, जपून उकरावंच लागतं. टेनिस कोर्टाएवढ्या जागेला ४ दिवसही लागू शकतात. ‘अपोपो’ संस्थेने टांझानियात शिकवलेला आफ्रिकन उंदीर तेवढीच जागा ३० मिनिटांत हुंगतो, कारण तो धातू नव्हे, सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास शोधतो. वजन जेमतेम किलोभर, म्हणून सुरुंग फुटत नाही. ‘मगावा’ उंदराला २०२० मध्ये शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, ते योग्यच! मात्र दाट झुडपांत उंदराचं काही चालत नाही, आणि त्याने दाखवलेली जागा शेवटी डिटेक्टरवालाच तपासतो. पेरणी तोंडावर आली असेल, तर मी आधी उंदीरच सोडेन.