बाहेर येणारी लेन्स आणि किनाऱ्याची वाळू: स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

कोकणात सुट्टीचे फोटो काढण्यासाठी स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा घेणाऱ्याने मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे वाचण्याआधी एकच गोष्ट पाहावी: कॅमेरा चालू केल्यावर त्याची लेन्स बाहेर येते की आतच राहते. माझा कॅमेरा ऐन मे महिन्यात, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, गुहागरच्या पुळणीवर बंद पडला. वॉरंटीची मुदत शिल्लक असूनही दुरुस्तीसाठी जो खर्च मागण्यात आला तो कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या घडणीचे कॅमेरे जवळजवळ सर्वच कंपन्यांनी विकले आहेत आणि हा दोष त्या सर्वांना लागू आहे.

दिवाळीच्या सुमारास तो घेतला तेव्हा माझे मत फार चांगले होते आणि ते अकारण नव्हते. २० मेगापिक्सेल, आठपट ऑप्टिकल झूम, १/२.३ इंचाचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, आणि सदऱ्याच्या खिशात मावणारे अंग, एवढ्या गोष्टी त्या किमतीत मिळत होत्या. होडीच्या हेलकाव्यात मोबाइल हातात धरून उभे राहणे मला पटत नाही, कारण तो पाण्यात पडला तर फोटोंबरोबर बँकेचे व्यवहार आणि सगळे संपर्कही जातात. मनगटात दोरी अडकवलेला लहान कॅमेरा तेथे निर्धास्तपणे वापरता येतो. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाच्या तटाचे जे फोटो मिळाले, त्यांत बुरूज वेगवेगळे ओळखू येतात. माझ्या मोबाइलच्या डिजिटल झूमने त्याच तटाची एक धूसर पट्टी होते. हिवाळा संपेपर्यंत मला कोणी विचारले असते, तर मी हाच कॅमेरा घ्या असे सांगितले असते.

आता त्या लेन्सविषयी सविस्तर लिहितो. अशा कॅमेऱ्यात एकात एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या असतात आणि एक चिमुकली मोटर प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांच्या साहाय्याने त्यांना बाहेर-आत सरकवते. नळ्या सहज सरकाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये बारीक फट ठेवावीच लागते. लेन्स बाहेर येताना आतली पोकळी वाढते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. लेन्स आत जाताना नळीच्या पृष्ठभागावर बसलेले कण तिच्याबरोबर आत जातात. थंड, कोरड्या शहरात यामुळे वर्षानुवर्षे काही बिघडत नसेल. आमच्याकडे मात्र दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो कोरडी वाळू उडवतो, आणि हवेतल्या खारट ओलाव्यामुळे वाळूचे कण नळीला चिकटून राहतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक फोटोसाठी कॅमेरा चालू-बंद करणे म्हणजे प्रत्येक वेळी थोडी वाळू आत घेणे होय. बिघाडाची चिन्हे आधीपासून दिसत होती. लेन्स सरकताना बारीक करकर येऊ लागली, पुढे तिच्यावरची दोन पातळ झाकणे पूर्ण उघडेनाशी झाली आणि फोटोंचे कोपरे काळे येऊ लागले. शेवटी पडद्यावर लेन्स एररचा संदेश आला आणि लेन्स अर्धवट बाहेर आलेल्या स्थितीत अडकली.

चालू करण्याचे बटन सपाट आणि बाहेरच्या कडेला असल्यामुळे पिशवीतल्या टॉवेलचा दाब पडला तरी कॅमेरा जागा होतो आणि लेन्स कापडावर जोर लावते, हेही त्याच घडणीचे दुखणे आहे. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे त्यांनी एक करावे: काढलेले फोटो दाखवायचे असतील तेव्हा मुख्य बटन न दाबता फोटो पाहण्याचे बटन दाबावे. अनेक कॅमेऱ्यांमध्ये त्यामुळे लेन्स बाहेर न येता पडदा सुरू होतो, आणि सुरूच्या बनात बसून भाचरांना फोटो दाखवताना आत जाणारी वाळू तेवढी तरी टळते.

सेवा केंद्र आमच्या जिल्ह्यात नसल्यामुळे कॅमेरा कुरिअरने मुंबईला पाठवावा लागला. चार-पाच दिवसांनी फोन आला: "सर, लेन्समध्ये वाळू आहे. हे वॉरंटीत बसत नाही." दुरुस्ती नको असेल तर तपासणीचे शुल्क भरून कॅमेरा परत न्यावा, असेही सांगण्यात आले. वॉरंटीच्या कागदावर वाळू, पाणी आणि आघात यांमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे, हे खरे आहे. परंतु त्याच खोक्यातील माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर समुद्रकिनाऱ्यावर खेळणारे कुटुंब छापलेले होते आणि हा कॅमेरा सुट्टीतील सहलींसाठीच आहे, असे त्यावर म्हटले होते. ज्या ठिकाणी नेण्यासाठी वस्तू विकायची, त्याच ठिकाणी नेल्याचे कारण देऊन जबाबदारी नाकारायची, हे मला अजिबात मान्य नाही. मी फोनवर वाद घालत बसलो नाही. माहितीपत्रकाच्या त्या पानाचा फोटो जोडून लेखी तक्रार केली, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे याकडे लक्ष वेधले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार असल्याचे कळवले. त्यानंतर तपासणी शुल्क आणि मजुरी माफ झाली आणि मी फक्त सुट्या भागाचे पैसे भरले. तेही भरावे लागायला नको होते, असे माझे मत आजही आहे. पण लेखी तक्रारीचा उपयोग होतो, एवढे या प्रकारातून निश्चित कळले.

दरम्यान बंद अंगाचा, म्हणजे लेन्स आतच फिरणारा, पाण्यात चालणारा म्हणून विकला गेलेला एक जुना कॅमेरा मी ओळखीतून अल्प किमतीत घेतला. या रचनेत आत एक प्रिझम असतो. तो प्रकाशाला काटकोनात वळवतो आणि झूमची भिंगे कॅमेऱ्याच्या अंगातच उभी सरकतात. २००२ च्या मिनोल्टा डायमेज एक्सपासून ही युक्ती खिशातल्या कॅमेऱ्यांत आहे. गुहागर, वेळणेश्वर, तारकर्ली अशा सर्व ठिकाणी तो निर्धोक चालला. समुद्रावरून आल्यावर त्याची झाकणे घट्ट लावून तो विहिरीच्या गोड्या पाण्याने हलकेच धुवायचा, मीठ काढायचे आणि पुसून वाळवायचा, एवढीच त्याची निगा आहे. मात्र जुन्या कॅमेऱ्याच्या रबरी पट्ट्यांवर विश्वास ठेवून तो समुद्रात बुडवू नये. मी त्याला शिंतोड्यांपुरताच जलरोधक मानतो.

तरीही लेन्स बाहेर येणाऱ्या कॅमेऱ्याविषयीचे माझे मत पुन्हा थोडे बदलले आहे आणि ते नोंदवणे योग्य होईल. बंद अंगाच्या कॅमेऱ्यात झूम सहसा तीन ते पाचपटच मिळतो, त्यामुळे सिंधुदुर्गाचा तट पुन्हा लहान दिसू लागला. लेन्स कोपऱ्यात असल्यामुळे डाव्या हाताचे बोट फोटोत येते, आणि पुढच्या काचेवर सुकलेला खाऱ्या पाण्याचा थेंब संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा आणतो.

रात्रीच्या प्रकाशात दोन्ही कॅमेरे सारखेच कमी पडतात. जत्रेत दशावताराचे फोटो काढून पाहिले, तर ट्यूबलाइटच्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० पर्यंत चढतो आणि राक्षसाच्या चेहऱ्यावरचे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. १/२.३ इंचाच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते, तर ज्याला एक इंची म्हणतात त्याचे सुमारे ११६, म्हणजे चौपट. एवढ्याशा जागेत २० मेगापिक्सेल कोंबून प्रकाश वाढत नाही. अल्बममध्ये लावायच्या ४ × ६ इंचांच्या प्रतीला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, तेव्हा त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. दशावतारासाठीच कॅमेरा हवा असेल तर एक इंची सेन्सरचा घ्यावा. पण तो स्वस्तात मिळत नाही आणि त्याचीही लेन्स सहसा बाहेरच येते.

पावसाळ्यात दोन्ही कॅमेरे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत. हवा दीर्घकाळ दमट राहिली की भिंगांवर बुरशी धरते, आणि चामड्याच्या किंवा कापडी पाकिटात ओल टिकून राहिल्याने ती अधिक लवकर धरते. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते कधी तापवून पुन्हा कोरडे करायचे, हे पाहताक्षणी कळते.

बंद अंगाचा जुना कॅमेरा शोधणाऱ्याने फोटो साठवणाऱ्या कार्डाचा प्रकार आधी विचारावा. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना २००२ साली आलेले एक्सडी कार्ड लागते, ते आता नव्याने तयार होत नाही. एसडी कार्ड चालणाराच घ्यावा. बॅटरी आणि चार्जर बाजारात मिळतात का, हेही पैसे देण्यापूर्वी पाहावे. सीसीडी या जुन्या प्रकारचा सेन्सर असलेला कॅमेरा असेल तर सूर्याकडे धरून छोटा व्हिडिओ काढावा. त्यात सूर्याच्या वर-खाली उभी जांभळट रेघ उमटते आणि किनाऱ्यावरचा सूर्यास्त चित्रित करायचा असेल तर ती जाणवते. बॅटरीच्या झाकणाची रबरी पट्टी नखाने हलकेच दाबून तिला चिरा नाहीत याची खात्री करावी आणि झाकणाच्या आत हिरवट-पांढरा थर दिसला तर, किंमत कितीही कमी असली तरी, तो कॅमेरा घेऊ नये, कारण खारे पाणी आधीच आत गेलेले असते.