एकच लव्हबर्ड मिळेल का? (सांगलीच्या गणपती पेठेतल्या पक्ष्यांच्या दुकानाचा अनुभव)

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढं येईलच.

आमच्याकडं लव्हबर्डची जोडी होती, हिरवं अंग केशरी तोंड, काजू आणि बदाम. वहिनीनं हौसेनं आणलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं तेव्हा आम्ही टीव्ही, फ्रीज, गाद्या सगळं सोडून बोटीत बसलो आणि वहिनीच्या मांडीवर पिंजरा, त्यावर दादाचा रेनकोट, म्हणजे पक्षी कोरडे आणि दादा चिंब. वहिनी जाऊन या दिवाळीला दोन वर्षं होतील. काजू गेल्या महिन्यात गेला. सकाळी बघतोय तर तळाला पडलेला आणि बदाम खाली उतरून त्याला चिकटून बसलेली, राळ्याला तोंड लावेना.

सगळे म्हणायला लागले जोडीतला एक गेला की दुसरा आठ दिवसांत जातोय, लगेच तसाच आणून टाका. तासगावची आत्या दादाबद्दल पण हेच म्हणते, वर्षश्राद्ध व्हायच्या आधी विट्याचं स्थळ घेऊन आलेली, "नाकीडोळी अगदी तिच्यासारखीच आहे बघ." दादा ताटावरनं उठून गेला होता.

तर दादा, त्याची पोरगी आणि मी दुकानात. दुकानवाल्या काकांनी पहिलंच विचारलं, राहिलेली मादी आहे कशावरनं? आम्ही म्हटलं, म्हणजे काय, बदामच आहे ती. काका हसले. बजरीगार पोपटाचं चोचीच्या वरच्या रंगावरनं कळतं, पण या लव्हबर्डचं नुसतं बघून सांगता येत नाही, डीएनए टेस्ट करावी लागते म्हणे. म्हणजे सात वर्षं आम्ही ज्यांना नवराबायको समजत होतो ते कोण होते देव जाणे.

पोरगीला हुबेहूब काजूच पाहिजे होता, आणि तसे तीन होते पण समोर. काका म्हणले, "हिरवा नको, दुसरा कलर घ्या. सेम नेला की लोकं आठ दिवसांत भांडायला येतात, हा हातावर का येत नाही, तो यायचा." हे मला पटलं. मग निळा घेतला, बाराशे रुपये, घासाघीस नाही.

आणि महत्त्वाचं, थेट जुन्या पिंजऱ्यात सोडायचा नाही. महिनाभर वेगळ्या खोलीत, काय आजार असला तर कळतो. नंतर पिंजरे शेजारी शेजारी, आणि मग जमलं तर एकत्र. हे पक्षी जागेसाठी लै भांडतात, आणि "तिला तो आवडंलच असं नाही, मग दोन पिंजरे ठेवायची तयारी पाहिजे" हे पण काकांनी विकायच्या आधी सांगितलं. असा दुकानदार आजकाल कुठं भेटतो.

आता तक्रार. नवीन पिंजऱ्याचं दार ढिलं निघालं, पहिल्याच रात्री वर सरकवून साहेब पडद्याच्या दांडीवर. फोन केला तर "तार बांधा", बास. आणि पार्किंग नाही, गाडी लांब लावून पिंजरा हातात घेऊन चालत यावं लागलं. कटलबोन (पक्ष्यांना चोच घासायला देतात ते) मात्र फुकट दिलं.

सध्या निळा माडीवर, बदाम खाली स्वयंपाकघरात. एकमेकांना बघितलेलं नाही, पण सकाळी वरनं एक ओरडतो आणि खालनं दुसरी. बदाम राळं खाती आता, कोथिंबीर टाकली की पळत येती. पोरगी नव्याला नाव ठेवू देत नाही, नुसतं "नवीन" म्हणती.

परवा आत्याचा फोन आला, पक्षी एकत्र केले का म्हणून. दादा म्हणला, "अजून अठरा दिवस आहेत," आणि फोन घेऊन जिन्यात जाऊन बसला, चांगला अर्धा तास.