वाळवंटातला पहिला मुक्काम: डोम तंबू, टनेल तंबू की उघड्यावर खाट?

पहिल्यांदा वाळवंटात मुक्कामाला जाणारे बहुतेक जण उन्हाची जय्यत तयारी करतात आणि वाऱ्याला विसरतात. तंबू कोणता घ्यायचा हे मात्र वारा आणि पायाखालची वाळूच ठरवतात.

डोम तंबूच्या दांड्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तो मेखांशिवायही उभा राहतो आणि उचलून जागा बदलता येते. धोकाही यातच आहे. रिकामा डोम एका झोतासरशी गडगडत दूर जातो. म्हणून कापड अंथरलं की वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी बांधा, आत पाण्याचे कॅन ठेवा आणि मगच दांड्या घाला.

टनेल तंबू म्हणजे एकामागे एक उभ्या कमानींवर ताणलेला बोगदा. त्यात तेवढ्याच वजनात जास्त जागा मिळते, आणि निमुळतं टोक वाऱ्याकडे असेल तर तो छान टिकतो. पण दोन्ही टोकांचा ताण हाच त्याचा आधार. एक मेख सुटली की तो बसतो, रात्री वारा फिरून आडवा लागला की कमानी वाकतात.

घडीची खाट सगळ्यात सोपी. विंचू सहज वर येत नाही, आणि उडणारी बरीचशी वाळू जमिनीलगतच सरकते. मात्र वाळूचं वादळ उठलं तर आडोसा नाही. शिवाय खाटेखालून थंड हवा वाहते. निरभ्र आकाशाखाली वाळू झपाट्याने निवते, दिवस-रात्रीच्या तापमानात १५ ते २० अंशांचा फरक सहज पडतो. खाटेवर जाड मॅट नसेल तर चांगली स्लीपिंग बॅगही पाठीला ऊब देत नाही, कारण अंगाखाली तिचं भरण दाबलं जातं.

आता खरा प्रश्न: वाळूत तंबू बांधायचा कशाच्या आधाराने? नेहमीची बारीक मेख कोरड्या वाळूत बोटाने शिरते आणि बोटानेच निघते, कारण सुटे कण तिला धरत नाहीत. घट्ट वाळूत ३० सेंटीमीटरची रुंद, पन्हळीसारखी मेख चालते. भुसभुशीत वाळूत पिशवीच पुरावी लागते. मजबूत कापडी पिशवीत दोन-तीन लिटर वाळू भरा, मधोमध दोरी गुंडाळा, साधारण ४० सेंटीमीटर खोल खड्ड्यात आडवी ठेवा. दोरी वर येण्यासाठी तिरका चर काढा. सरळ वर आणलेली दोरी पिशवीला उपटून काढते. मग वाळू लोटून पायाने दाबा. दोरी दुहेरी ठेवून गाठ वाळूच्या वर आणा, म्हणजे मध्यरात्री न उकरता ताण वाढवता येतो. डोमला चार कोपरे आणि तंबू बाहेरून ताणणाऱ्या चार दोऱ्या धरून अशा आठ पिशव्या लागतात. बाजारहाटाच्या प्लास्टिक पिशव्या फाटतात, त्या नेऊच नका.

तंबूचा आतला भाग पूर्ण जाळीचा नको. बारीक धूळ त्यातून थेट अंथरुणावर येते. अर्धं कापड, वर जाळी हे उत्तम. झिप अडली तर कोरड्या ब्रशने झटका, तेल लावलं तर वाळू आणखी चिकटते.

पहिल्या खेपेला, गाडी जवळ असेल तर, आमचा कौल डोमलाच. वारा शांत असल्याची खात्री असेल तर शेजारी खाट टाका. टनेल दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, पिशव्या पुरायचा हात बसल्यावर. यांपैकी काहीही घेतलंत तरी ओढ्याच्या कोरड्या पात्रात अंथरूण टाकू नका. दूर कुठे पाऊस पडला तरी तिथे अचानक लोंढा येतो.