टायरमधले बॅलन्सिंग छर्रे: २,३५९ रुपयांची सिलिका जेल

बाइकच्या टायरमध्ये छर्रे टाकून "कायमचं बॅलन्सिंग", म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं, करून देतो म्हणणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी हे वाचा. एका स्टॉलवर हे करून घेतलं, त्याचा हा हिशेब. सेटचे १,९९९, त्यावर "जीएसटी" ३६०, वर फिटिंगचे ३००. एकूण २,६५९ रुपये यूपीआयने गेले. टायरमध्ये जे पडलं ते सांगितलेलं सिरॅमिक नव्हतंच. बुटांच्या खोक्यात "खाऊ नये" असं छापलेली पुडी असते, तिच्यातली सिलिका जेल होती. मग दोन्ही टायर उतरवून साफ करायचे ४००, व्हॉल्व्हमध्ये हवा अडवणाऱ्या दोन पिनांचे ४०, आणि शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते साधं वजनं चिकटवून बॅलन्सिंग, त्याचे ३००. बेरीज ३,३९९. वर टायरवाल्याचं हसणं ऐकून घेतलं ते फुकट.

आता "एवढंही कळलं नाही का" म्हणायच्या आधी एक ऐका. छर्र्यांचं तत्त्व खोटं नाही, आणि गोची तिथेच आहे. वरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला कडेने मिठाच्या पाण्याचं बंद कडं असतं, ते याच तत्त्वावर चालतं. फिरणारी वस्तू एका बाजूला जड असेल आणि तिला किंचित हलायची मोकळीक असेल, तर एका ठरावीक वेगाच्या वर आतलं सुटं वजन आपणहून हलक्या बाजूला सरकतं. परदेशात असे छर्रे वर्षानुवर्षं विकले जातात, काही सिरॅमिकचे, काही काचेचे. बाइकचं नेहमीचं माप पुढच्या चाकाला १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम, आणि मागच्याला २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. तेव्हा कोणी ८५ ग्रॅमचा सेट पुढे केला तर माप ओळखीचं वाटतं. याबद्दल थोडंफार वाचून असलेल्या माणसालाच हा माल आधी पटतो.

पण "हलायची मोकळीक" आणि "ठरावीक वेगाच्या वर" या दोन अटी विकणारा गिळून टाकतो.

चाक फिरताना छर्रे टायरच्या आतल्या अंगाला चिकटून राहतात ते फक्त वेगामुळे. १७ इंची चाकाचा हिशेब केला तर ताशी सहा-सात किलोमीटरच्या खाली ते वरून गळून तळाशी गोळा होतात. म्हणजे प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक स्पीडब्रेकरला सगळा खेळ नव्याने. त्याच्या वर, पण सस्पेन्शनच्या स्वतःच्या थरथरीच्या वेगाच्या खाली, ते उलट जड बाजूलाच जाऊ पाहतात. जे काही भलं व्हायचं ते मोकळ्या रस्त्यावर. शहरात रोज १५-२० किलोमीटर रखडणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग शून्य, अस्सल असले तरी.

आता त्या स्टॉलवरचा डेमो. हा भाग लिहिताना अजून हात शिवशिवतात.

गाडी मधल्या स्टँडवर. मागचं चाक हवेत. सीटवर स्टीलच्या ग्लासात पाणी. "दोष ठळक दिसावा म्हणून" रिमला १० ग्रॅमच्या तीन चिकटपट्ट्या लावल्या. गिअर टाकून चाक पळवलं, पाणी उडून सीटवर. मग टायरची एक कडा उघडली, पांढरे छर्रे ओतले, हवा भरली, आणि हे करता करताच अगदी सहज, फडक्याने रिम पुसावी तसं, त्या तिन्ही पट्ट्या सोलून काढल्या. "आता यांची गरज नाही सर." पुन्हा चाक पळवलं. पाणी स्थिर. भोवतालच्या चार जणांनी मोबाइलवर शूटिंगही केलं.

पाणी स्थिर होणारच होतं! ३० ग्रॅम लावले तेव्हा उडालं, ३० ग्रॅम काढले तेव्हा थांबलं. छर्र्यांचा यात काडीचा संबंध नाही. बरं, मधल्या स्टँडवर मागचं चाक लोंबत असतं, शॉक पूर्ण ताणलेला, ॲक्सलला हलायला जागाच नाही. मोकळीक नसेल तर जगातले सर्वात अस्सल छर्रेही स्टँडवर काम करत नाहीत. तेव्हा स्टँडवर दाखवलेला "फरक" म्हणजे चलाखीच, दुसरं काही असूच शकत नाही. एवढं एक वाक्य बोलायचं होतं: "पट्ट्या परत लाव, मग फिरव." तुम्ही तरी बोला.

दुसरी खूण तर कानांनी ऐकू आली होती. कडा बसवायला रिमवर साबणाचं पाणी मारलं होतं, आणि छर्रे आत पडताच चटचट, चटचट आवाज. विचारलं तर उत्तर: "स्टॅटिक आहे सर, सिरॅमिकमध्ये येतं." कोरडी सिलिका जेल पाण्यात पडली की तडकते, त्याचा तो आवाज. लगेच कंप्रेसर सुरू झाला आणि त्यात तो बुडाला. पण गर्दीत, कंप्रेसर घरघरत असताना, समोर पाण्याचा ग्लास शांत उभा असताना कोण चटचटीकडे लक्ष देतं?

पुढे काय होतं ते कुठल्याही टायरवाल्याला विचारा. ८० च्या वेगाला टायरच्या आतल्या छर्र्यावर त्याच्या वजनाच्या जवळपास दीडशे पट दाब असतो. वेग उतरला की तेच छर्रे एकमेकांवर आपटत घरंगळतात. सिरॅमिक आणि काच हे सोसतात. सिलिका जेलचं पीठ होतं. त्यात आपल्याकडच्या पंपावरची हवा: कंप्रेसरची टाकी कोणी रिकामी करत नाही, पावसाळ्यात नळीतून पाण्याचे शिंतोडे येतात. सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी ओढते. पीठ अधिक पाणी, झालं लुकण. ते टायरच्या आत एका जागी थापलं जातं आणि वाळतं. म्हणजे जो दोष घालवायला पैसे मोजले तोच दोष नव्याने विकत घेतला. मागच्या चाकाच्या रिमपाशी २० ग्रॅमचा फरक असेल तर ८० ला सव्वादोन किलोच्या आसपास ओढ बसते, सेकंदाला अकरा वेळा. सातारा रोडला हँडलपासून फूटरेस्टपर्यंत सगळं वाजायला लागतं.

हवाही टिकत नाही. पीठ व्हॉल्व्हच्या पिनेत अडकतं, पीन पूर्ण बसत नाही, रात्रीतून पाच-सहा पीएसआय गायब. अस्सल छर्र्यांसोबत जाळी असलेली पीन द्यावी लागते, ती याच कारणासाठी. साधीच पीन परत लावली गेली तर तिथेच ओळखा, समोरच्याला धंद्यातलं काही कळत नाही किंवा कळूनही फिकीर नाही.

आणि तक्रारीचं म्हणाल तर तो वेगळा तमाशा.

स्टॉलवर मिळालेल्या पावतीवर ३६० रुपये जीएसटी छापलाय, जीएसटी नंबर कुठेच नाही. म्हणजे तो करही त्याच्याच खिशात. यूपीआयवर नाव एका व्यक्तीचं, पाटीवर नाव भलत्याच दुकानाचं. पुड्यावर ना कंपनीचा पत्ता, ना निव्वळ वजन, ना एमआरपी, ना महिना-वर्ष. सोबत २८ ग्रॅमची सांगून "टॉप-अप" म्हणून दिलेली पुडी फोडली नव्हती. सोनाराच्या काट्यावर ती प्लॅस्टिकसकट १७ ग्रॅम भरली. एवढा ऐवज घेऊन पोलीस ठाण्यात गेलं तर पहिला प्रश्न: "टायरमध्ये मणी? कशाला?" हे समजावण्यात अर्धा तास. मग "रक्कम किती? दोन हजार? अहो, ग्राहक मंचात जा." तिथून एका सरकारी कार्यालयात, तिथे "सीलबंद माल आणा." सीलबंद माल टायरमध्ये गेला साहेब, तोच तर मुद्दा आहे! १७ ग्रॅमची पुडी पुढे केली तर म्हणे त्यावर वजनच छापलेलं नाही, मग कमी भरली हे कशावरून ठरवणार? वजन छापलेलं नाही हाच गुन्हा आहे हे कार्यालयातल्या माणसाला ग्राहकाने सांगायचं. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचा किंवा पॅक करणाऱ्याचा किंवा आयातदाराचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, सगळं सक्तीचं आहे. "लेखी द्या." लेखी दिलं. "आवक-जावकला द्या." दिलं. शिक्का मिळाला. शिक्क्याचं बॅलन्सिंग होत नाही.

पोलीस "दिवाणी मामला" म्हणाले तर ऐकून घेऊ नका. जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे, फसवून पैसे काढून घेणं त्यात बसतं आणि ते दखलपात्र आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ऑनलाइन मागवून फसलात तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला लगेच, चहा नंतर.

पैसे देण्याआधी पावतीवरचा १५ अक्षरी-आकडी जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, मोबाइलवर मिनिटभराचं काम. माल तिथेच तपासा. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणात १० मिली छर्रे भरा आणि काट्यावर ठेवा. काच असेल तर १५ ग्रॅमच्या आसपास, सिरॅमिक त्याहून जड. सात-आठ ग्रॅम भरले तर सरळ उठा. चार छर्रे पाण्यात टाका, तडकले तर सिलिका. दोन छर्रे पकडीत दाबा, पीठ झालं तर तेच. अस्सल माल दीड-दोन मिलिमीटरचा असतो, पीन काढून व्हॉल्व्हमधूनच बारीक नळीने आत जातो, त्याला टायर उघडावाच लागतो असं नाही.

पंक्चरचं लिक्विड आधीच घातलेल्या टायरमध्ये छर्रे कधीच नाहीत, अस्सलही नाहीत. त्यांचा गोळा होतो.

आणि मुळात हँडल थरथरतंय म्हणून बॅलन्सिंगच बिघडलंय असं कोणी सांगितलं? कोन सेट (हँडलच्या मुळाशी असलेली बेअरिंग) सैल, चाकाची बेअरिंग गेलेली, रिम खड्ड्यात वाकलेली, स्पोक ढिले, टायर एका अंगाने झिजलेला, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेले, यातलं एकही छर्रे दुरुस्त करत नाहीत. मधल्या स्टँडवर चाक हाताने फिरवून रिमजवळ खडू धरा, एकाच जागी खडू लागत असेल तर रिम आउट आहे. ते आधी काढा.

खऱ्या बॅलन्सिंगला जादू लागत नाही. चाक उतरवून बेअरिंगच्या दांड्यावर ठेवायचं, जड बाजू आपोआप खाली येते, तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला ५ ग्रॅमची पट्टी लावायची, चाक पाव फेरी फिरवून सोडायचं. जिथे सोडाल तिथे थांबलं तर झालं. नवा टायर चढवताना त्यावर रंगाचा हलक्या बाजूचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणून बसवायचा, वजनं कमी लागतात.

ज्यांनी आधीच छर्रे टाकून घेतलेत त्यांनी एवढं करा. गाडी उभी करून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, छर्रे तळाशी बसू द्या, मग हवा हळू सोडा, नाहीतर पीन उडते आणि पीठ डोळ्यांत. पंक्चर काढणाऱ्याला आत काय आहे ते आधी सांगा. टायर एका बाजूने उघडून व्हॅक्युमने सगळं ओढा. थापलेलं लुकण ओल्या फडक्याने, खरवडायला लोखंडी पाना नको, आतला हवाबंद थर फाटतो. रिमची बसायची खाच कोरडी पुसा, तिथे पीठ राहिलं तर कडेने हवा जाते. टायर उन्हात पूर्ण वाळू द्या, दोन्ही पिना नव्या, आणि वजनं लावल्यावर दोन दिवस रोज सकाळी थंड टायरचं प्रेशर बघा.

निघालेलं पीठ टाकू नका, डबीत भरून तारीख लिहून ठेवा. पुरावा म्हणून तेवढंच हातात उरतं.